जास्तीचं सामान

भाड्याने आणलेली छोटी कॅरव्हॅन गाडीमागे जोडून झाली आणि निरंजनने अंगणातल्या सामानाकडे पाहिलं. "एवढं ओझं ओढायचं म्हणजे लिटरला अठरा देणारी गाडी नऊवर येणार. नको ते घरीच ठेवा," तो सगळ्यांसमोर करवादला. सासूबाई सामानातलं काहीतरी उचलून आत ठेवून आल्या.

कोल्हापूरहून निघून घाट उतरून दुपारी ते गुहागरजवळच्या किनाऱ्यावर पोचले. मुलं समुद्राकडे धावली. सासूबाई मात्र कॅरव्हॅनमध्येच बसून राहिल्या. चहा नको म्हणाल्या, सरबतही नको.

"प्रवास बाधला का त्यांना?" निरंजनने बायकोला विचारलं.

"नाही रे," वृषाली हळूच म्हणाली. "गुडघ्यांमुळे आईला खाली बसता येत नाही आणि इथं साधेच संडास आहेत. कमोडची खुर्ची ती घरी ठेवून आली. जावयांना उगाच डिझेलचा भुर्दंड नको म्हणे. म्हणून सकाळपासून पाणीसुद्धा प्यायली नाहीये."

निरंजनला तिच्याकडे बघवेना. त्याने गाडीपासून कॅरव्हॅन सोडवली आणि एकटाच चिपळूणला गेला.

तो खुर्ची घेऊन परतला, तेव्हा सासूबाई संकोचून म्हणाल्या, "कशाला एवढा फेरा घातलात?"

"चुकलो, आई," तो म्हणाला, पण मान वर झाली नाही. त्याने खुर्ची उघडली, पक्की आहे ना हे स्वतः बसून पाहिलं आणि बाहेर गेला.

सासूबाईंनी लेकीकडे पाणी मागितलेलं त्याला बाहेर ऐकू आलं.