फिका नंबर

"रक्ताच्या नळीवरचा नंबर फिका उठतोय, व्हैदा. लेसर जरा वाढव की!" रिमवीदास साहेब म्हणाले.

"नळी कागदासारखी पातळ आहे, साहेब. भोक पडलं तर आतलं रक्त गळेल. कुणाच्या तरी लेकराचं असायचं ते. फिकं चालेल, भोक नको."

साहेबांनी ते मान्य केलं. व्हिल्नियस शहरातल्या त्या कारखान्यातून नळ्यांची पेटी तशीच इस्पितळात गेली.

तीन महिन्यांनी व्हैदा त्याच इस्पितळात, प्रयोगशाळेच्या खिडकीशी उभी होती. तिच्या लेकीचं, उग्नेचं, गोठवून ठेवलेलं रक्त आज पुन्हा तपासायचं होतं. आतल्या बाईंनी दोन नळ्यांवरचा बर्फ पुसला, दिव्याखाली धरल्या, पुन्हा पुसल्या.

"तुमच्या मुलीची यातली कुठली? नंबराच्या शेवटी तीन आहे की आठ, तेच कळेना. इतकं फिकं छापतं तरी कोण हो?"