विद्येचा हिमालय सायकलवर

जर्मनीत कार्ल्सरूहेला पीएच.डी. करणाऱ्या प्रद्युम्नचे गाइड म्हणजे मोटारीच्या इंजिनांतलं जगभर गाजलेलं नाव; पण स्वारी गेलं वर्षभर बघावं तर सायकलवर, तीही भर बर्फात! भारावलेल्या प्रद्युम्नने कराडच्या पेपरात लेखच ठोकून दिला : 'विद्येचा हिमालय सायकलवर!'

तो वाचून कॉलेजात शिकवणाऱ्या त्याच्या बाबांनी स्कूटर विकली आणि साठीच्या उंबरठ्यावर नवी कोरी सायकल घेतली. "गुडघे बोंबलतात रे," ते फोनवर म्हणाले, "पण एवढा मोठा माणूस बर्फात सायकल मारतो, आणि मी कराडच्या उन्हाला भ्यायचं?" प्रद्युम्नचा ऊर भरून आला.

सोमवारी सरांनी इन्स्टिट्यूटमध्ये सगळ्यांसाठी भलामोठा केक आणला.

"आज सरांचा वाढदिवस का?" प्रद्युम्नने त्यांच्या सेक्रेटरीला, फ्राऊ लोरेन्सना विचारलं.



"छे हो! पिऊन गाडी झाडावर घातली होती ना, तेव्हा काढून घेतलेलं लायसन्स आज परत मिळालं," केकचा तुकडा त्याच्या हातात ठेवत त्या म्हणाल्या, "त्या मेल्या सायकलीतून सुटले एकदाचे बिचारे!"