दुसरी रिंग

बिजागरीत तेलाचे चार थेंब सोडून त्याने आतल्या खोलीचं दार तीनदा उघडलं, तीनदा लावलं. कुरकुर थांबली होती. मग तो स्टुलावर चढला आणि भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढून खिशात टाकला.

"अहो, अकरा वाजले ते कळणार कसं मला?" बायको म्हणाली.

"टिकटिक ऐकू जाते फोनवर."

"त्यांना माझी मुलाखत घ्यायचीय, घड्याळाची नाही."

लेक खळखळून हसली. आईची तयारी करून घ्यायला ती सकाळीच आली होती. वकिलांच्या एका मोठ्या फर्मला घरी बसून करारनामे तपासणारी माणसं हवी होती, आणि आज अकरा वाजता त्यांचा फोन येणार होता. कायद्याची पदवी घेऊन बायकोला सत्तावीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत तिने इमारतीच्या नोटिसा, शेजाऱ्यांचे भाडेकरार, नणंदेचं वाटणीपत्र असं सगळं फुकट लिहून दिलं होतं. नोकरी मात्र कुठेच केली नव्हती.

तो तीस वर्षं वजनकाटे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होता. तिथे काट्याच्या खोलीत पंखासुद्धा लावत नसत. त्यामुळे बारीकसारीक अडथळे हुडकून काढायची त्याला सवय होती. आज त्याने फ्रिजचा प्लग काढला होता, दारावरच्या बेलची वायर सैल केली होती आणि तो वरच्या मजल्यावर जाऊन, तासभर मिक्सर लावू नका, असं सांगून आला होता. वरच्या बाईंनी काळजीने विचारलं होतं, "कोणी आजारी आहे का हो?"

लेक स्वयंपाकघरात गेली आणि तिथून तिने आईला फोन लावला. सरावाची ही चौथी फेरी.

"मॅडम, पदवीनंतर तुम्ही नोकरी का केली नाहीत?"

"मुलगी लहान होती."

"आई! माझ्यावर ढकलू नकोस. पुन्हा सांग."

बायकोने फोन दुसऱ्या कानाला लावला. "एका फर्ममध्ये माझी निवड होत आली होती. शेवटचं ठरवायला त्यांचा फोन येणार होता. तो मला आला नाही."

"मग दुसरीकडे अर्ज?"

"राहूनच गेलं."

"राहून गेलं, असं नाही म्हणायचं गं!"

तो तेलाची कुपी हातात घेऊन दाराशी उभा होता. कुपीचं टोपण त्याला लागता लागेना.

तो फोन आला होता. शनिवारची दुपार होती. बायको गच्चीवर दुपटी वाळत घालायला गेली होती आणि चार महिन्यांची लेक नुकती कुठे झोपली होती. पलीकडचा माणूस अदबीने बोलत होता. सोमवारपासून येऊ शकतील का त्या, एवढंच त्याला विचारायचं होतं. याने पाळण्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "नाही जमणार त्यांना. विचार बदललाय." सगळं मिळून अर्धं मिनिट. बायको खाली आली तेव्हा तिने विचारलं, "फोन वाजला का?" तो म्हणाला, "राँग नंबर." वर्षभराचा तर प्रश्न आहे, मग करेल की, असं त्याला तेव्हा वाटलं होतं. काट्याचं शून्य सरकलेलं असेल, तर पुढचं प्रत्येक वजन तेवढंच चुकतं, हे त्याने प्रयोगशाळेत प्रत्येक नव्या माणसाला शिकवलं होतं.

तेव्हापासून घरातला प्रत्येक फोन बायकोच घ्यायची. ओल्या हातांनी, साबणाच्या हातांनी, जिन्यावरून धावत येऊन. दुसरी रिंग ती कधी वाजू देत नसे. बिचारी अजून त्या फोनची वाट बघतेय, असं त्याला वाटायचं. कितीदा तरी तो म्हणाला होता, "अगं, एक सांगायचं होतं." आणि मग त्याने गॅस कधी येणार ते विचारलं होतं.

साडेदहाला बायको नवी साडी घेऊन न्हायला निघाली.

"फोनवर साडी दिसणारेय का आई?"

"मला दिसेल ना."

नेहमीसारखा मोबाइल तिच्या हातातच होता. लेकीने तो काढून घेतला. "सोळा टक्के चार्जिंग आहे फक्त! इथे लावून ठेवते. बाबा आहेत ना." बायकोने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. मग ती न्हाणीघरात गेली. लेक अर्जाची प्रत छापून आणायला खाली उतरली. आतल्या खोलीत तो आणि फोन, दोघेच उरले. त्याने दार लोटून घेतलं.

पावणेअकराला फोन वाजला. अनोळखी नंबर होता. एक रिंग झाली. दुसरी झाली. दुसरी रिंग एवढी लांब असते, हे तो विसरूनच गेला होता.

"मॅडम आहेत का?" पलीकडचा आवाज अदबीचा होता. "जरा लवकरच केला फोन. आत्ता बोलू शकतील का त्या?"

फोन त्याने दोन्ही हातांनी धरला.

"आहेत. एक मिनिट हं, बोलावतो."

तो वळला. दार उघडं होतं आणि दारात बायको उभी होती. केसांतून पाणी निथळत होतं. ती कधी आली ते त्याला कळलंच नव्हतं. बिजागरी जराही वाजली नव्हती.

तिने फोन घेतला आणि त्याच्यावर तळवा दाबून धरला.

"तेव्हाही एवढंच म्हणायचं होतंत," ती हळूच म्हणाली आणि तिने फोन कानाला लावला.