खराब होण्याचं कारण

व्हिसा केंद्रातल्या मुलीने माझा पासपोर्ट उघडला आणि परत माझ्याकडे सरकवला. "मॅडम, फोटोवर हे लाल काय आहे? असा चालणार नाही."

कुंकू होतं. फोटोतल्या माझ्या कपाळावर, बरोबर मधोमध. जर्मनीत नर्सची नोकरी मिळाल्यापासून "लेकीला टाकून कुठे निघालीस?" म्हणणाऱ्या सासूबाईंनी आज सकाळी पहिल्यांदाच हौसेने पासपोर्टची पूजा केली होती.

घरी येऊन सांगितलं, "नवा काढावा लागेल. तोवर नोकरी राहते की जाते, कुणास ठाऊक."

"म्हणजे देवाच्याच मनात नाहीये गं," सासूबाई नातीला भरवत म्हणाल्या.

नव्या अर्जात पासपोर्ट खराब होण्याचं कारण विचारलं होतं. मी 'सासूबाई' लिहिलं. पण मी गेल्यावर लेक त्यांच्यापाशीच राहणार होती. ते खोडून 'आशीर्वाद' लिहिलं.