मुरगळलेले पाय

पंचांनी पाचवा फाऊल दिला आणि आमच्या संघातली सगळ्यात उंच मुलगी बाहेर गेली. दोन मिनिटं उरली होती, आम्ही एका गुणाने पुढे. सर बाकाकडे वळले. बाकावर तीनच मुली होत्या आणि तिघींच्याही डाव्या पायाला क्रेप बँडेज होतं.

बारा वर्षांखालच्या मुलींच्या या बास्केटबॉल स्पर्धेत प्रत्येकीला एक क्वार्टर तरी खेळवावंच लागतं. सूट फक्त दुखापत झालेल्या मुलीला. आमच्या सरांना कप हवा होता. म्हणून त्यांच्या लेखी कच्ची लिंबं असलेल्या तिघींचे धडधाकट पाय त्यांनी सकाळी स्वतः बांधले. निदान एकीचा तरी उजवा बांधायचा, पण तेवढीही अक्कल खर्च केली नाही. माझी शर्वी त्यातलीच. "संघासाठी एवढं करा, ताई," म्हणाले, आणि मीही मान डोलावली होती.

"शर्वी, सोड ते बँडेज. चल आत."

शर्वी जागची हलली नाही. "सर, पाय मुरगळलाय माझा. तुम्हीच पंचांना सांगितलंत."

पंच बघत होते. सर माझ्याकडे आले, आवाज एकदम मऊ. "ताई, तुम्ही तरी सांगा तिला."

"मी काय सांगणार, सर? तिला उभंसुद्धा राहता येत नाहीये हो."

पंचांच्या नजरेसमोर बाकीच्या दोघींचं बँडेज सोडायची सोय उरली नव्हती. चौघीच खेळल्या आणि हरल्या. निघताना शर्वी सरांच्या समोरून फाटकापर्यंत लंगडत गेली. बँडेज डाव्या पायाला आणि लंगडत होती उजव्याने. मी तिला टोकलं नाही.