न सरकणारी भिंत

"हार्डवेअर," ताई म्हणाली, आणि धाकट्या बहिणीने हातातला कप तसाच खाली ठेवला.

इंजिनिअरला वाटलं, आपलंच समजावणं कमी पडलं. त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. नवा सर्व्हर एकच, दोघींसाठी त्याचे भाग दोन. सॉफ्टवेअरने पाडले तर मधली भिंत कीबोर्डवरून हवी तशी सरकवता येते. एकीचं काम वाढलं की दुसरीची रिकामी ताकद तिला देता येते. हार्डवेअरने पाडले की प्रोसेसर वेगळे, मेमरी वेगळी. मग भिंत ती भिंत. "सख्ख्या बहिणी आहात, सॉफ्टवेअरच घ्या ना," तो म्हणाला. ताईने त्याला जरा बाहेर बसायला सांगितलं.

धाकटी मुलांसाठी कार्टूनपट करायची. काम संपत आलं की तिची चित्रं मशीनचा जीव काढायची. ताईकडे दवाखान्यांचे एक्स-रे साठवायचं काम होतं. धाकटीने "ताई, अडलंय गं" म्हणायचा अवकाश, ताई जुन्या मशीनवरच्या आपल्या भागातली ताकद तिच्याकडे वळवायची. हातचं राखून देणं तिला ठाऊकच नव्हतं. आता धाकटीचा सगळ्यात मोठा कार्टूनपट तोंडावर आला होता, आणि नेमकी आत्ताच ताई भिंत घालत होती. धाकटीला हे फार लागलं.

"ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतेस?" तिचा आवाज चढला. "वेगळी चूल मांडायची आहे, असं सरळ म्हण की!"

"मोठा भाग तुलाच द्यायला सांगितलाय. तुला मागायची वेळ यायची नाही."

"मला मोठा भाग नकोय. मी मागायचं आणि तू द्यायचंस, तेच हवंय मला."

ताईचे डोळे भरले. तिने धाकटीचं मनगट धरलं.

"सॉफ्टवेअरची भिंत कीबोर्डवरून सरकते," ती म्हणाली. "मलाही सरकवता येते."

"अगं, मग? आजवर तूच तर सरकवत आलीस."

"हो. परवा तुझं काम दिवसभर बंद पडलं ना, ते मीच बंद केलं होतं. मशीनच्या नोंदीत माझंच नाव निघालं. मला काही म्हणजे काही आठवत नाही गं. डॉक्टर म्हणतात, हे आता वाढतच जाणार. माझा हात तुझ्यापर्यंत पोचणार नाही, अशी भिंत घालून घे, बाळा."