परिपूर्ण संख्या

मिरजगावच्या निसार सरांना चुकीचं गणित सहन व्हायचं नाही. जेवताना लेकीनं पाढा चुकवला, तर हातातला घास ताटात परत जायचा.

अर्धांगवायूनंतर सर नगरच्या दवाखान्यात नुसते छताकडे बघत पडून होते. "त्यांच्या आवडीचं काहीतरी बोला," डॉक्टर म्हणाले. म्हणून अंजुमनं अब्बांची लाडकी संख्या काढली : तीन कोटी पस्तीस लाख पन्नास हजार तीनशे छत्तीस. तिला सोडून तिच्या बाकी सगळ्या विभाजकांची बेरीज केली, की पुन्हा तीच येते. घरी आलेल्या पाहुण्याचीही यातून सुटका नसायची.

अब्बा चिडले तरी बोलतील, म्हणून अंजुमनं मुद्दाम चूक केली. "अब्बा, ही मूळ संख्या ना? हिला कशानंच भाग जात नाही ना?"

शेवटी सहा आहे म्हणजे दोननं भाग जाणारच, हे चौथीतलं पोरही सांगेल. सरांनी मान वळवली, ओठ हलले. ओरडा खायला अंजुम पुढे वाकली.

"बरोबर," सर हसून म्हणाले.

हा एक शब्द त्यांच्या तोंडून ऐकायला तिनं सगळं लहानपण घालवलं होतं.